कटऑफ कोण लावतं?

दहावीचा निकाल लागला की मराठी घरांत 'लागणे' या क्रियापदाला उसंत नसते. अमक्या कॉलेजचा कटऑफ किती लागला याची चौकशी सुरू होते, नंबर कुठे लागला हे विचारलं जातं, आणि तो लागला की पेढे येतात. संस्कृत 'लग्' धातूचं 'लग्न' हे रूप प्राकृतात 'लग्ग' झालं आणि मराठीत 'लागणे' म्हणून रुळलं. मांडवातलं लग्न त्याच धातूचं, ते फक्त मूळ वेषात राहिलं. या क्रियापदाचा एक स्वभाव आहे. लागणाऱ्या गोष्टीला सहसा करणारा नसतो. ऊन लागतं, भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं. निकाल लागला असं म्हणताना तो कुणीतरी लावला आहे, हे वाक्यात कुठेच येत नाही.

अकरावीच्या कटऑफपुरतं हे क्रियापद अगदी नेमकं आहे. जागा मोजक्या, अर्ज भरपूर. गुणांच्या उतरत्या क्रमाने यादी भरत जाते आणि शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचे गुण म्हणजे त्या वर्षीचा कटऑफ. तो आकडा आधी कुणालाच माहीत नसतो. पास होण्यासाठी लागणाऱ्या 35 गुणांची गोष्ट वेगळी. तो आकडा मंडळाने ठरवलेला असतो, पेपर लिहायला बसण्याआधी प्रत्येकाला ठाऊक असतो, आणि 'काठावर पास' हा आपला शब्दप्रयोग त्याच्याभोवतीच जन्मलेला आहे. याखेरीज कटऑफचा एक तिसरा प्रकार आहे, आणि माझा सगळा जीव त्यातच अडकला आहे. रक्तातली साखर 118, 124, 131 अशी सलग आकड्यांत येते, पण डॉक्टरला उत्तर द्यायचं असतं मधुमेह आहे की नाही. हवामानखात्याकडे ढगांची, वाऱ्याची, दाबाची मोजमापं असतात, पण इशारा द्यायचा की नाही, एवढंच बोलायचं असतं. सलग आकड्यावर कुठेतरी रेघ मारून अलीकडचे 'नाही' आणि पलीकडचे 'हो' करायचे, हे संख्याशास्त्रातलं रोजचं काम. आपण या तिन्ही गोष्टींना कटऑफच म्हणतो आणि तिन्हींना 'लागतो' हेच क्रियापद जोडतो. तिसऱ्याच्या बाबतीत ते अन्यायाचं आहे.

मूळ इंग्रजी शब्दांकडे पाहिलं तर त्यांत कापणारा हात स्पष्ट दिसतो. 'कट' म्हणजे कापणं, हे उघड आहे. 'स्कोअर'ही कापण्यातूनच आला आहे: जुन्या नॉर्स भाषेत 'स्कोर' म्हणजे खाच. मोजदाद ठेवायला काठीवर खाचा पाडत, वीस झाले की एक मोठी खाच. म्हणून इंग्रजीत 'स्कोअर'चा एक अर्थ अजूनही वीस असा आहे. निर्णय घेण्याला इंग्रजीत 'डिसाइड' म्हणतात, तेही लॅटिनमधल्या 'कापून वेगळं करणे' या अर्थाच्या क्रियापदातून. म्हणजे 'कटऑफ स्कोअर' ठरवणं यात कापणं एकदा नाही, तीनदा आलं.

आपल्याकडेही हाच प्रकार आहे. 'हद्द' हा अरबी शब्द आपण सरहद्दीपासून हद्दपारीपर्यंत सगळीकडे वापरतो. अरबीत त्याचा एक अर्थ पात्याची धार असा आहे, आणि तर्कशास्त्रात तोच शब्द व्याख्येसाठी येतो. व्याख्या करणं म्हणजे अर्थाला धारेने कडा देणं. 'सीमा' हा शब्द त्याहून मला जवळचा वाटतो. संस्कृत 'सीमन्' म्हणजे गावाची शीव, आणि केसांतला भांगही. 'सीमंत' हा त्याचाच सोयरा. केस डोक्यावर सलग उगवतात. भांग कुठे पाडायचा ते फणी धरणारा हात ठरवतो. मराठीतला 'भांग' तर संस्कृत 'भंग' वरून, म्हणजे तोडण्यावरून आला आहे. आणि हल्ली विज्ञानाच्या पुस्तकांत 'उंबरठा मूल्य' असा प्रतिशब्द दिसतो, त्यातल्या उंबऱ्याचं मूळ 'उदुंबर' या झाडाच्या नावात आहे. संस्कृतातही 'उदुंबर' हा शब्द दाराच्या उंबऱ्यासाठी वापरलेला आढळतो. घर बांधणाऱ्याने ठेवलेलं ते लाकूड आहे.

पण कटऑफचं सगळं मर्म ज्यात साठलं आहे असा आपला शब्द 'कसोटी' आहे, आणि त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं.

'कष्' म्हणजे घासणं. त्यावरून 'निकष', म्हणजे सोनं घासून पाहायचा दगड. 'कषपट्टिका' म्हणजे तशी घासायची पाटी. तिचं प्राकृतात 'कसवट्टिआ' झालं आणि मराठीत 'कसोटी'. कसाला लागणे, कस लावणे, कसदार, बावनकशी ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. आज 'पात्रतेचे निकष' असं आपण सरकारी परिपत्रकात वाचतो तेव्हा दगड आठवत नाही, पण सराफाच्या पेढीवर तो दगड अजून आहे. काळाभोर, गुळगुळीत, तळहातात मावेल एवढा. दागिना त्यावर हलकेच ओढला की पिवळसर रेघ उमटते. शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची, दोन्हींचा रंग ताडून पाहायचा, मग आम्लाचा थेंब टाकायचा आणि कुठली रेघ किती टिकते ते पाहायचं. दगड 'खरं' किंवा 'खोटं' असं काहीच सांगत नाही. तो फक्त फिकट ते गडद अशी छटा दाखवतो. घ्यायचं की परत करायचं हे सराफ बोलतो.

कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्षाचं प्रकरण आहे. त्यात उत्तम निकष कोणता हे सांगितलं आहे: कलिंगातला, किंवा तापी नदीतला, मुगाच्या रंगाचा. खानदेशातून वाहणाऱ्या आपल्या तापीचा तिथे उल्लेख व्हावा याचा मला आनंद होतो, पण खरी मौज पुढे आहे. दगडांचे तीन प्रकार कौटिल्य सांगतो. जो दगड रंग जसा आहे तसा, समान उमटवतो तो 'समरागी', आणि तो विकणारा व घेणारा दोघांच्याही हिताचा. ज्यावर रंग खुलून उठतो तो विकणाऱ्याच्या हिताचा. आणि जो खरखरीत, विषम रंगाचा असून रेघेला रंग धरू देत नाही, तो घेणाऱ्याच्या हिताचा. सोनं एकच, रेघही एकच. दगड बदलला की निवाडा कुणाच्या बाजूला झुकेल ते बदलतं. कसोटी लावताना चूक होणारच, आणि ती चूक कुणाच्या पदरात पडावी हे कसोटी निवडतानाच ठरून जातं, ही जाण इतक्या मोजक्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलेली नाही.

'निवाडा'ही जाता जाता पाहू. निवडणे, निवड, निवडणूक, निवाडा ही एकाच कुळातली. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'णिव्वड' हा धातू येतो; अर्थ वेगळं होणे, स्पष्ट होणे. सुपात तांदूळ निवडताना खडा वेगळा होतो, तसंच कोर्टात खरंखोटं. ग्रीकांचीही वाट तीच. 'क्रिटेरियन' आणि 'क्रायसिस' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी चाळणं, वेगळं करणं आहे, आणि ग्रीक वैद्यांची 'क्रिसिस' म्हणजे आजारातला तो क्षण, जिथे रोगी एकतर वाचतो नाहीतर जातो.

आता चाळणीला भोकं केवढी ठेवायची, हा प्रश्न. त्याचं पहिलं गणिती उत्तर एका वादळाच्या भांडणातून मिळालं.

1884 साली अमेरिकेच्या सैन्यदलातल्या सिग्नल कोअरमध्ये जॉन पार्क फिन्ली नावाचे हवामानाचे अभ्यासक होते. टॉर्नेडो येणार की नाही असे अंदाज त्यांनी वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वर्तवले आणि ताळा प्रसिद्ध केला. एकूण अंदाज 2803. त्यांपैकी 100 वेळा त्यांनी टॉर्नेडो येणार म्हटलं. 28 वेळा आला, 72 वेळा आला नाही. उरलेल्या 2703 वेळा येणार नाही म्हटलं. त्यातले 23 तरीही आले. बरोबर ठरलेले अंदाज मोजले तर 96.6 टक्के. हा आकडा छापून येताच भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी दाखवून दिलं की दररोज डोळे मिटून 'टॉर्नेडो येणार नाही' एवढंच म्हणत राहिलं असतं, तर 98.2 टक्के अंदाज बरोबर आले असते. म्हणजे काहीच न करणारा माणूस फिन्लींच्या पुढे गेला असता.

तरीही फिन्लींचं काम मोलाचं होतं, आणि ते कसं मोजायचं हे त्याच वर्षी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी 'सायन्स' या नियतकालिकातल्या छोट्याशा टिपणात मांडलं. जे टॉर्नेडो खरोखर आले त्यांतले किती आधी सांगितले? 51 पैकी 28, म्हणजे 55 टक्के. जेव्हा आले नाहीत तेव्हा उगाच किती वेळा घाबरवलं? 2752 पैकी 72, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. पहिल्यातून दुसरं वजा करायचं. 0.52 उरतात. सतत 'नाही' म्हणणाऱ्याचे या हिशोबात शून्य उरतात. पर्स तिथेच थांबले नाहीत. त्याच टिपणात त्यांनी आणखी एक सूत्र दिलं: बरोबर इशाऱ्याचा फायदा किती, पोकळ इशाऱ्याचा तोटा किती, ते आकडे घालून अंदाजाची किंमत काढायची. कौटिल्याच्या तीन दगडांपैकी कुठला हातात आहे हे आधी कबूल करायला लावणारं हे सूत्र आहे.

त्या दशकात पुढे जे घडलं ते शब्दांच्या अभ्यासकाने विसरू नये असं आहे. टॉर्नेडोच्या इशाऱ्याने लोकांत घबराट पसरेल आणि ती वादळापेक्षा जास्त नुकसान करील, या भीतीने अमेरिकी हवामान अंदाजांत 'टॉर्नेडो' हा शब्दच वापरायला मनाई झाली. ती मनाई पुढची पन्नासेक वर्षं राहिली. पोकळ इशाऱ्याचं भय इतकं मोठं मानलं गेलं की चाळणीची सगळी भोकं बुजवली गेली. त्या काळात किती गावांना आधी कळू शकलं असतं, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

पर्स यांचं वजाबाकीचं सूत्र विस्मरणात गेलं आणि 1950 साली 'कॅन्सर' या नियतकालिकात नव्याने अवतरलं. मांडणारे विल्यम जॉन यूडन. जन्म ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलचा, शिक्षण रसायनशास्त्राचं, कामगिरी संख्याशास्त्रात. आज कुठल्याही वैद्यकीय चाचणीचा कटऑफ शोधायला बसलेला संशोधक प्रथम 'यूडन निर्देशांक' काढतो. रीत सोपी आहे. ज्यांचा आजार दुसऱ्या खात्रीच्या मार्गाने माहीत आहे अशी माणसं घ्यायची, सगळ्यांची चाचणी करायची, आणि प्रत्येक संभाव्य आकड्यावर एकदा रेघ मारून पाहायची. आजारी लोकांपैकी किती टक्के रेघेपलीकडे सापडले? निरोगी लोकांपैकी किती टक्के अलीकडे राहिले? दोन्ही भागांची बेरीज करून एक वजा करायचा. जिथे उत्तर सर्वांत मोठं, तिथे कटऑफ.

या दोन भागांना इंग्रजीत जी नावं आहेत ती वैद्यकातल्या तपासण्यांसाठी 1947 साली जेकब येरुशाल्मी यांनी छातीच्या एक्स-रेंच्या वाचनाचा अभ्यास करताना नीट घडवली. मराठी पुस्तकांत त्यांना 'संवेदनशीलता' आणि 'विशिष्टता' म्हणतात. माझी या दोन्ही शब्दांविषयी तक्रार आहे. संवेदनशील म्हटलं की हळव्या मनाचा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि 'विशिष्टता' वाचून कुणालाच काही बोध होत नाही. मी 'पकड' आणि 'पारख' म्हणेन. आजारी माणूस निसटू न देणं ही चाचणीची पकड. निरोगी माणसाला ओळखून मोकळं सोडणं ही तिची पारख. 'पारख' हे 'परीक्षा' याच शब्दाचं प्राकृतातून घासून आलेलं रूप आहे, म्हणून ते इथे परकंही वाटत नाही. रेघ खाली ओढली की पकड वाढते, पारख कमी होते. वर नेली की उलट. दोन्ही एकदम वाढवायची तर रेघ हलवून भागत नाही, चाचणीच सुधारावी लागते.

या ओढाताणीचा जो आलेख काढतात त्याला आरओसी वक्र म्हणतात, आणि त्या नावात दुसरं महायुद्ध दडलं आहे. ही तीन अक्षरं 'रिसीव्हर ऑपरेटिंग कॅरॅक्टरिस्टिक'ची आहेत, आणि तो 'रिसीव्हर' म्हणजे रेडिओ लहरी टिपणारं रडारचं यंत्र. रडारच्या पडद्यावर खालच्या रेषेवर सतत खुरट्या उभ्या रेघा थरथरत असत; रडारवर काम करणारे लोक त्यांना 'गवत' म्हणत. शत्रूचं विमान आलं की त्या गवतातून एक रेघ उंच उठे. पण किती उंच उठली म्हणजे विमान? थोड्या उंचीवरच घंटा वाजवली तर वैमानिक पुन्हा पुन्हा रिकाम्या आभाळात जाऊन दमणार. फार थांबलं तर विमान डोक्यावर येणार. युद्धानंतर मिशिगन विद्यापीठात पीटरसन, बर्डसॉल आणि फॉक्स यांनी 1954 साली या प्रश्नाचा पूर्ण सिद्धांत मांडला. तिथून तो मानसशास्त्रात गेला, मग क्ष-किरणांच्या फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरांकडे.

यूडन यांच्या निर्देशांकाविषयी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण संशोधनलेखांत ती बहुधा न बोलता सोडली जाते. त्यात पकड आणि पारख यांना सारखंच वजन आहे. तो समरागी दगड आहे. निसटलेला रोगी आणि विनाकारण धास्तावलेला निरोगी माणूस, दोघांचं नुकसान सारखं असेल तर तो उत्तम. पण रक्तपेढीत आलेल्या पिशवीत विषाणू आहे का हे तपासताना दहा चांगल्या पिशव्या टाकून द्याव्या लागल्या तरी चालतील, एक दूषित पिशवी निसटलेली चालणार नाही. उलट तपासणीनंतरचा उपचार म्हणजे मोठी शस्त्रक्रिया असेल तर पारख कडक हवी. आणि आजार किती दुर्मीळ आहे तेही पाहावं लागतं. हजार माणसांत दहाच आजारी असतील आणि चाचणीची पकड व पारख दोन्ही 90 टक्के असतील, तर नऊ आजारी सापडतील आणि त्यांच्याबरोबर 99 निरोगीही 'पॉझिटिव्ह' ठरतील. संगणकाला 'सर्वोत्तम कटऑफ काढ' असं सांगितलं की तो आकडा देतो. सर्वोत्तम कुणासाठी, हे आपण त्याला सांगितलेलंच नसतं.

निसर्गात कुठे आधीच रेघ असते का? कधी कधी असल्यासारखी दिसते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातल्या पिमा लोकांच्या रक्तातल्या साखरेचा आलेख काढला तेव्हा त्याला दोन उंचवटे आले, आणि मधल्या खळग्यात रेघ मारणं स्वाभाविक वाटलं. बहुतेक समाजांत मात्र तो आलेख एकाच उंचवट्याचा निघतो. रक्तदाबावरून ब्रिटनमध्ये जॉर्ज पिकरिंग आणि रॉबर्ट प्लॅट यांच्यात वर्षानुवर्षं हाच वाद झडला. प्लॅट म्हणत, उच्च रक्तदाबाची माणसं हा वेगळा गट आहे. पिकरिंग म्हणत, दाब सलग आहे आणि त्याला दुभागणारी रेघ आपली आहे. पुढचा काळ पिकरिंग यांच्या बाजूने गेला.

मधुमेहाची रेघ तर आपल्या डोळ्यांदेखत सरकली. 1979पासून उपाशीपोटी साखर 140 मिलिग्रॅम वा अधिक असेल तर मधुमेह मानत. 1997 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने ती 126वर आणली, आणि 1999 साली जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच स्वीकारलं. कारण ठोस होतं: साखर कुठल्या पातळीला गेली की डोळ्यांच्या पडद्यावर इजा दिसू लागते, हे पिमा, इजिप्तमधले आणि अमेरिकेतले इतर लोक यांच्या पाहण्यांतून शोधलं गेलं होतं. पण 130 साखर असलेल्या माणसाचा विचार करा. रक्त तेच, आकडा तोच. रिपोर्टमधला एक शब्द बदलला आणि तो रोगी झाला. अशा माणसाला 'तुमची शुगर लागली' असं कुणी सांगू नये. रेघ कुठे आहे, ती तिथे का आहे आणि कुठल्या इजेच्या भीतीने आहे, हे त्याला कळण्याचा हक्क आहे.

आणि रेघ कुणाच्या मोजमापांवरून मारली, हेही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच दाखला मांडला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. म्हणजे प्रचलित रेघेनुसार दोघंही निश्चिंत. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2. शेजारी शेजारी छापलेला दोघांचा फोटो पाहिला की युरोपीय देहांवर आखलेली रेघ पुण्याच्या माणसाला किती फसवू शकते, हे एका नजरेत समजतं.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी या प्रश्नाचा विचार केला. त्यांनी बीएमआयच्या 25 आणि 30 या जुन्या रेघा पुसल्या नाहीत. त्यांच्यासोबत 23 आणि 27.5 हे आकडे दिले. या आकड्यांना त्यांनी कटऑफ म्हटलं नाही. त्यांनी वापरलेल्या नावाचा अर्थ 'काहीतरी करायला सुरुवात करण्याचा टप्पा' असा होतो, आणि कुठला टप्पा धरायचा ते प्रत्येक देशाने आपल्या लोकांकडे पाहून ठरवावं असंही सुचवलं. मराठीत 'कृतिबिंदू' असा शब्द करता येईल, पण दवाखान्यात बोलताना 'हालचालीचा आकडा' म्हटलं तर समोरच्याला लगेच उमजेल. 23 हा आपला हालचालीचा आकडा, असं म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो: हालचाल कोणती, आणि ती कुणी करायची?